जावयाच्या हातात दगड

शहादा

तीर्थरूप अभिमनभाऊंना,

वनाचा एका हाताने नमस्कार. (दुसऱ्या हाताला पुष्पाने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या आहेत, कारण पुढे येईलच.) बोदवडला सगळे खुशाल असाल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सासुरवाडीत माझी प्रकृती मानाने उत्तम आणि अंगाने बेताची आहे.

तोरणमाळपर्यंत एसटीने जावं आणि तिथून जंगलातून पायी डोंगर चढावा, एवढाच माझा बेत होता. पण लोटननानांना (माझे सासरे, लग्नात तुम्हाला नको नको म्हणताना जिलबी वाढणारे तेच) जावई एसटीत उभा राहून जाणार ही कल्पनाच सोसेना. त्यांनी सुपडूची, म्हणजे माझ्या मेहुण्याची, जुनी जीप काढायला लावली. पुढच्या सीटवर माझ्या पाठीला घरातला लोड लावला आणि स्वतः मागे फळीजवळ मांडीवर भलामोठा दगड घेऊन बसले. दगड कशाला, असं मी विचारलं. सुपडू विडी पेटवत शांतपणे म्हणाला की हँडब्रेक कामातून गेलाय, चढावर गाडी मागे सरकली की कुणीतरी उडी मारून चाकामागे दगड टाकायचा.

घाट सुरू झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कठडा म्हणावा तर चुन्याने रंगवलेले चार धोंडे. प्रत्येक वळणावर इंजिन खोकून बंद पडे, जीप मागे सरके, नाना या वयात उडी मारून दगड लावत, आणि मी पुढे लोडाला टेकून बसलेला. मला लाज वाटत होती. एकदा म्हणालो, नाना, पुढे बसा, दगड मी धरतो. त्यावर ते असे दुखावले की जणू मी पुष्पाला परत पाठवतोय. "जवाईना हातमा दगड? गावमा मी काय तोंड दखाडू?" (गाव मागे खाली मुंगीएवढं दिसत होतं, तरी गावाची भीती दरीपेक्षा मोठी.)

वरच्या अवघड वळणावर बांबूंनी भरलेला ट्रक समोर आला. सुपडूने जीप मागे घेतली, आणि ब्रेकवरचा पाय तळाला जाऊन बसला. "नाना, गाडी मांगे चालनी!" तो ओरडला. नानांनी उडी मारली, पण धोतराचा सोगा फळीच्या कडीत अडकला. दगड हातातून सुटून रस्त्यावर पडला, नाना कडीला लोंबकळले, आणि जीप त्यांना घेऊन दरीकडे निघाली. नानांच्या जागी मला आपले वडील, आपले आबाच दिसले, भाऊ, खरं सांगतो. मी उडी मारली. तेवढ्यात नाना, पाय अधांतरी असताना, मला दटावतात, "जवाई, दगडले हात लाऊ नका! मी शे ना आठे!" (मी आहे ना इथे, म्हणे; इथे म्हणजे कडीला लोंबकळत.)

मी लावला. चाक दगडावर चढलं, माझी दोन बोटं चेंगरली आणि जीप थांबली. मागची फळी दरीवर, आणि फळीला नाना. ट्रकवाल्याने आणि मी मिळून त्यांना आत ओढलं. त्यांचे हात थरथरत होते. मी ते धरून ठेवले आणि आम्ही दोघंही रडलो.

पायी चढणं राहूनच गेलं. घरी आल्यापासून नाना जेवत नाहीत. जीव वाचला याचं त्यांना काहीच नाही, जावयाने दगड उचलला हे त्यांना खातंय. बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
वना

ता. क. : डाग धुऊन काढण्यासाठी येत्या रविवारी ते मला त्याच रस्त्याने, त्याच जीपने, पुन्हा मानाने नेणार आहेत. भाऊबंद साक्षीला येतील, दगड नानांकडेच. म्हणून भाऊ, मला तिकडे बोलावणारी तार ताबडतोब करा. आई आजारी असं मात्र लिहू नका, घाईघाईने नाना मला जीपनेच पोचवतील.

ता. क. २ : तार राहू द्या. आत्ताच ओट्यावर डोकावून आलो. नाना नव्या दगडाला दोन्ही हातांनी तोलून पाहत होते आणि अजून त्यांचे हात कापतात. त्यांना एकट्याला तिथे बसू देणं माझ्याच्याने होणार नाही, आणि माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही मुलाकडचे, त्यातून मोठे. तुमचा शब्द त्यांना मोडता येत नाही. तेव्हा शनिवारीच या, मागच्या फळीजवळ बसायचा हट्ट धरा, आणि दगड तुम्ही घ्या.