दत्तूमामांनी लावलेल्या खुर्च्या

मंगळवार, संध्याकाळ

तालमीच्या हॉलमध्ये आज जुन्या पेन्शनवर चर्चा होती. आमच्या ऑफिसातले निवृत्त शिपाई दत्तूमामा सगळ्यांआधी येऊन खुर्च्या लावत होते. त्यांना पेन्शन मिळते. २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हाला ती मिळणार नाही. सरकारनं खर्च कमी करायलाच हवा म्हणणारे एक वक्ते त्यांना म्हणाले, "मामा, तुमची पेन्शन चालू हाय की! तुम्ही कशाला आलाय?"

मामा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "म्हणूनच आलोय. ही पोरं मागाय लागली की हावरी ठरत्यात. मला कोण हावरा म्हणनार?"

काय माणूस! आणि मी? माझ्याच पेन्शनचा प्रश्न, तरी तोंड उघडलं नाही. त्यांनी लावलेल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.