चुकलेला घाणा

३ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि मी रोज कुरकुरतो, असं तीच म्हणते. चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणी गेलं की काय. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहोत. भाऊजी कसे आहेत?

पत्राचं कारण साबण. बाबांच्या पिवळ्या साबणाची गिऱ्हाइकं अजून आठवण काढतात, आणि मला तो काही केल्या जमत नाही. वही आहे, पण बाबांनी तेलांची वेगवेगळी वजनं लिहिलीच नाहीत. खोबरेल मोठ्या ओगराळ्याने, एरंडेल लहान ओगराळ्याने, आणि काट्यावर दोन्ही मिळून किती ते. ओगराळी आता नाहीत. त्यावर येतो पुढे.

वही तुझ्या भाचीला दाखवली. ती आता नववीत आहे, आणि घरात सगळ्यात शहाणी तीच. म्हणाली, "हात्तिच्या! दोन चलं, दोन समीकरणं." पहिलं पान: दोन मोठी, तीन लहान, साडेचार किलो. दुसरं: चार मोठी, सहा लहान, नऊ किलो. थोडा वेळ पेन्सिल चावली आणि खो खो हसत सुटली. "अहो बाबा, हे तेच आहे, दुप्पट केलेलं! याला अनंत उत्तरं आहेत."

त्या अनंतातली सात मी करून पाहिली. तेल दर वेळी चोख साडेचार किलो. साबण मात्र एक विटेसारखा, एक चिखल, आणि एकाने तुझ्या वहिनीला दोन दिवस खाजवायला लावलं. त्या दोन दिवसांत मला चहा मिळाला नाही.

अख्खी वही चाळली. साबणाच्या प्रत्येक घाण्याला तेच प्रमाण. पोरगी म्हणते, आजोबा कधी चुकलेच नाहीत, म्हणून वहीतून काही कळत नाही. एखादा चुकलेला घाणा शोधा.

मग मी ठोकून दिलं, "आठवलं! सहा मोठी, नऊ लहान, तेरा किलो."

"तिपटीने साडेतेरा यायला हवेत. आता तर एकही उत्तर नाही. वही आणि तुम्ही, दोघं एकाच वेळी खरे असूच शकत नाही."

"अगं, या डोळ्यांनी काटा पाहिलाय मी!"

"पाहिला नाहीत, बाबा. तुम्हाला तसं हवंय."

ती सहज बोलली गं. मी मात्र तिथून उठलो.

बाबा गेल्यावर ओगराळी सापडेनात, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी असंच म्हणालो होतो. या डोळ्यांनी पाहिलं, तुझ्या पिशवीत होती म्हणून. पाहिलं नव्हतं. गंजक्या डब्यांबरोबर ती मीच भंगारात घातली होती. गेल्या वर्षी भंगारवाल्यानेच बोलता बोलता सांगितलं. मी घरी आलो, जेवलो आणि गप्प बसलो. वर्षभर. तुझ्या वहिनीलाही कालच सांगितलं. ती काय बोलली ते लिहीत नाही, पत्र पोस्टातून जायचंय.

तू काहीही नेलं नव्हतंस. मी खोटं बोललो. माफ कर मला.

हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. छाती झाली नाही, म्हणून साबणाचं आणि गुडघ्याचं लिहीत बसलो.

लहानपणी तू एक घाणा बिघडवला होतास ना? आठवत असेल तर कळव. नसेल तर नुसत्या शिव्या लिही, पण लिही.

भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
तुझा दादा

११ मार्च

दादा,

नमस्कार नंतर. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुला बदडावंसं वाटलं, दुसऱ्यांदा जास्तच वाटलं. तिसऱ्यांदा रडू आलं. आमचे हे चार वर्षं सांगत होते, जाऊ दे, सोडून दे. कसं सोडू? तू परका असतास तर सोडलं असतं.

हो, घाणा माझाच. दहा वर्षांची होते. एक मोठं, एक लहान, काट्यावर बरोबर दोन किलो. महिनाभर चिडवून तू माझा जीव नकोसा केला होतास, विसरेन कशी! बाबा मात्र तोच साबण संपेपर्यंत लावत होते. भाचीला एवढंच दे. बघ, आता एकच उत्तर येतं. मी काढलंय, पण तिचं तिला काढू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. ज्यांच्यासमोर बोललास त्या सगळ्यांना बोलावून ठेव आणि त्यांच्यासमोर सांग. मी शेजारी उभी राहीन. आवाज अडकला तर पाठीत धपाटा घालीन.

भाचीच्या दर वाढदिवसाला काहीतरी घेत होते आणि कपाटात ठेवत होते. चारही आणते आहे. त्यातला पहिला फ्रॉक आता तिला होणार नाही. तेवढं एक पुडकं तू उघड.

चारही वर्षं तुझीच बहीण असलेली,
भिंगरी