निळ्या बॅगेचा बाहेरचा कप्पा

९ ऑगस्ट, शनिवार, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे, तुम्हीही असाल. गुडघे कुरकुरतात, पण ते काय, सवयीचंच झालंय. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. तुझी कोरफड अजून जिवंत आहे. मी तिला पाणी घालायला विसरते, बहुतेक म्हणूनच.

चौदा महिन्यांनी ताईला पत्र लिहायची हुक्की कशी आली, असं म्हणशील. काम फुटकळ आहे. टीव्हीला नवा रिमोट जोडायचाय आणि तो काही केल्या जोडला जात नाही. जुना हरवला. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मला भांडायची सुरसुरी येते. शिवाय तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जुळवून दिली, आता फोन उचलायचाही कंटाळा येतो.

इतके दिवस मी उठून टीव्हीच्या मागची बटणं दाबत होते. गेल्या आठवड्यात आवाज कमी करायचं बटण आत रुतलं आणि आवाज पार शून्यावर गेल्यावरच बाहेर आलं. वाढवायचं बटण कधीचंच मेलंय. तेव्हापासून बातम्या देणारी बाई नुसती तोंड हलवते. मी दोन दिवस तिच्या ओठांवरून अंदाज बांधला. त्या हिशेबाने जगात फार भयंकर गोष्टी घडताहेत.

शेवटी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, हा घ्या. कुठल्याही टीव्हीला चालतो. घरी कुणीही लावून देईल."

आजी म्हणे! आणि घरी कुणीही म्हणजे कोण, ते मी त्याला विचारलं नाही.

सोबतच्या पुस्तिकेत शंभरेक कंपन्यांचे चार-चार आकडी कोड आहेत, आपली कंपनी तेवढी नाही. मग दुसरा मार्ग. टीव्ही चालू ठेवायचा, लाल दिवा लागेपर्यंत एक बटण धरून ठेवायचं आणि मग दुसरं बटण सावकाश दाबत राहायचं. दर दाबण्याला रिमोट एकेक कोड करून बघतो. बरोबर कोड लागला की टीव्ही बंद पडतो. त्याच क्षणी थांबायचं आणि पहिलं बटण पुन्हा दाबून तो कोड पक्का करायचा.

वाचायला सोपं आहे ना? आता माझी गोची ऐक. बटणं दिसायला जवळचा चष्मा हवा, टीव्ही बघायला लांबचा. मान खाली घालून दाबत बसले तर टीव्ही कधी गेला ते कळत नाही, आवाज नसल्यामुळे तर मुळीच नाही. मान वर करेपर्यंत बोट दोन कोड पुढे. आज दोनदा टीव्ही बंद पडला आणि दोन्ही वेळा मी घाईघाईने भलताच कोड पक्का करून ठेवला.

दोन माणसांचं काम आहे हे. बाकी राहिलेलं उद्या लिहीन.

रविवार, सकाळी

काल लिहिलेलं वाचलं. "दोन माणसांचं काम" हे खोडणार होते, पण राहू दे.

आपलं तसंच होतं की. जवळचं मी वाचायची, लांबचं तू. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं माझ्याकडे, बसच्या पाट्या तुझ्याकडे. हल्ली मी थांब्यावर प्रत्येक बसला हात करते आणि ड्रायव्हरला नंबर विचारते. एकजण म्हणाला, "बाई, एवढा मोठा लिहिलाय की!" मी म्हटलं, "वाचणारी गावाला गेलीय."

तुझ्या चष्मेवाल्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, दोन्ही नंबर एकाच काचेत बसवून देतो म्हणून. मीच नाही म्हटलं. खरं तर त्यांच्या दुकानात तुला घेऊन मीच गेले होते, माझा नंबर तपासायला. अर्ध्या तासाचं काम, पण तुम्ही दोघं बोलत बसलात आणि मी डोळ्यांत थेंब घालून बाकावर आंधळ्यासारखी बसून राहिले. तुला हसताना ऐकलं. घरी तू तशी हसत नव्हतीस. मला तेव्हाच कळलं होतं.

बावन्नाव्या वर्षी लग्न करायला निघालीस तेव्हा मी म्हणाले, "लोक तोंडात शेण घालतील." कुणी घातलं नाही. खालच्या शिवणकामवाल्या बाईंनी तर आनंदाने विचारलं, मुलीकडच्या कोण तुम्हीच का? लोकांचं नाव पुढे केलं, चिमणे. मला म्हणायचं होतं की मी एकटी पडेन. ते म्हणता आलं नाही, म्हणून नको ते बोलले. चुकलं माझं.

सोमवार

लागला!

काय केलं सांगते. तू विसरून गेलेली नखांच्या रंगाची बाटली कपाटात होती. त्याचा एक थेंब बटणावर टाकला आणि वाळू दिला, म्हणजे नुसत्या बोटाला कळतं. मग लांबचा चष्मा घालून नजर टीव्हीवर. दाबायचं, तीन आकडे मोजायचे, पुन्हा दाबायचं. एकशे सातव्या वेळी पडदा काळा झाला. मी कोड पक्का केला, टीव्ही लावला, आवाज वाढवला आणि ती बातम्यांची बाई घरभर बोलायला लागली. "चिमणे, लागला!" असं मी ओरडले आणि मागे वळून तुझ्या खुर्चीकडे पाहिलं.

मग टीव्ही बंद केला. हा कागद पुढे ओढला.

आता खरं सांगते. जुना रिमोट हरवलेला नाही. तू निघालीस त्या सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी तो तुझ्या निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातला, चपलांच्या पिशवीखाली. मनात म्हटलं, आठ दिवसांत हिला सापडेल, फोन करून ओरडेल आणि परत द्यायला येईल. मी खोटंखोटं रागवेन. मग चहा होईल.

तू आली नाहीस. कप्पा उघडलाच नसेल, किंवा उघडून गप्प बसली असशील. दोन्ही शक्यता मी मनात पुष्कळ वेळा घोळवल्या. नवा रिमोट एवढे दिवस आणला नाही, कारण तो आणला की तू यायचं कारणच संपलं असतं. आता तो आलाय आणि चालतोयही, म्हणजे निमित्त उरलेलं नाही. म्हणून बिननिमित्ताचं लिहिते. ये. मेहुण्यांनाही घेऊन ये. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहितेय, त्यांना वाचून दाखव. माझा नंबर तपासायची पेटी आणायला सांग, दोन्ही काचा एकत्र करून घेते म्हणावं. आणि लांबचं वाचायला तू असलीस तर तेही नको.

निळ्या बॅगेत बघ. सापडला तर टपालाने पाठवू नकोस.

वाट बघतेय,
ताई