काच खाली करू नकोस

३ मार्च, मंगळवार

आज परत तिथेच जेवलो. बर्गरच्या ड्राइव्ह-थ्रूवर — म्हणजे गाडीत बसूनच. उतरायचं नाही, कुणाच्या नजरेला पडायचं नाही, मला हेच तर हवं होतं! भिंतीवरच्या स्पीकरच्या खोक्यात काय हवं ते सांगायचं, पुढच्या खिडकीतून पिशवी घ्यायची आणि निघायचं. घरमालकीणबाई खोलीत शेगडी पेटवू देत नाहीत. त्यामुळे घर सोडल्यापासून आमचा स्वयंपाक हाच.

आई — माझ्या सासूबाई — त्या खोक्याशी अजून अहो-जाहो करतात. "अहो ताई, कांदा जरा सढळ हाताने घाला हं." आतून आवाज आला, "घालते आजी!" मला हसू फुटलं. किती दिवसांनी.

मग आरशात मागे पांढरी गाडी दिसली. हसू कुठल्या कुठे गेलं. नवऱ्याची नव्हती. कुणी बाई होती, लिपस्टिक लावत होती. तरी घरी येईपर्यंत मी आरशातच बघत होते.

५ मार्च, गुरुवार

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या. निघताना सर सहज म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचा फोन होता. सुटता कधी, विचारत होते. सांगितलं मी."

सांगितलं!! भला माणूस आहे, त्यांना काय माहीत. मी "बरं" म्हणाले आणि पर्स उचलली.

गाडी भलत्याच रस्त्याने फिरवून आणली. मागे कुणी नव्हतं. म्हणजे मला दिसलं नाही.

८ मार्च, रविवार

बहिणीचा फोन. "सख्खा मुलगा सोडून सुनेबरोबर कोण येतं गं? नशीबवान आहेस." खरंच आहे. त्या दिवशी त्याने मला कपाटावर ढकललं, मी उठून बॅग भरायला लागले, तर आई दारात उभ्या. हातात त्यांची बॅग. "चल," एवढंच म्हणाल्या.

पण संध्याकाळी त्यांचा मोबाइल वाजतो. त्या बघतात आणि उशीखाली पालथा घालतात. उचलत नाहीत. माझ्यासमोर तरी नाही. आईचं काळीज आहे, तो एकदा रडला की विरघळलं तर?

असलं मनात येतं याची लाज वाटते. येतं मात्र.

१० मार्च, मंगळवार

गेलो नाही. बिस्किटं.

११ मार्च, बुधवार

लिहून काढते. नाहीतर झोप लागायची नाही.

आज दुपारनंतर सुट्टी होती. आई म्हणाल्या, "किती दिवस बिस्किटांवर काढणार? चल." रांगेत आमच्या पुढे एक मोठी गाडी, आत पोरांचा गोंधळ, ऑर्डर काही ठरेना. उजवीकडे भिंत. डावीकडे लोखंडी खांब. एकदा आत शिरलं की पुढे सरकण्याशिवाय वाट नाही.

मागे पांढरी गाडी येऊन थांबली. दार उघडलं. चाल ओळखली मी, चेहरा दिसायच्या आधी.

माझ्या काचेवर टकटक. हसत होता! "काच खाली कर. बोलायचंय फक्त."

माझा हात खरंच बटणाकडे गेला. सवयीने. आई म्हणाल्या, "काच खाली करू नकोस."

मग तो त्यांच्या बाजूला गेला. "आई, तू तरी समजाव हिला. मी मुलगा ना तुझा?" त्या समोर बघत राहिल्या. त्याने दाराचा दांडा खेचला. पुन्हा खेचला. मग टपावर बुक्की. अख्खी गाडी हादरली आणि मी — मी डोकं खाली घातलं, घरी घालायचे तसं.

आईंनी माझ्या अंगावरून वाकून दोन्ही हात हॉर्नवर दाबले. काढलेच नाहीत. सगळी रांग वळून बघायला लागली. पुढच्या गाडीतला दांडगा बाप उतरला. खिडकीतली टोपीवाली मुलगी कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडली, "गाडीपासून लांब व्हा! पोलिसांना फोन केलाय!"

"घरातला मामला आहे," तो हसून म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. निघायला गेला, तर मागे गाड्यांची ही रांग! तोही अडकला.

पुढची गाडी गेली. आम्ही खिडकीशी पोचलो. मागे तो, आरशात अख्खा चेहरा. टोपीवाली हळूच म्हणाली, "ताई, हलू नका. पोलीस येईपर्यंत तुमची ऑर्डर तयार होत नाही."

पोलीस आले. त्याला बाजूला घेतलं. मला विचारलं, "तक्रार देणार का?" मी आईंकडे बघितलं. आईच म्हणाल्या, "बघतो आम्ही." त्याला दम देऊन सोडला. जाताना त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१३ मार्च, शुक्रवार

विचारलंच शेवटी. "आई, तुम्ही त्याला सांगितलंत का, आपण तिथे जातो म्हणून?"

त्या म्हणाल्या, "नाही गं. लॅबपासून मागावर असेल." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

कडी दोनदा तपासली. खुर्ची लावली दाराला.

१४ मार्च, शनिवार

उठले तर आई खोलीत नाहीत! जीव नुसता टांगणीला. मग पोलीस चौकीतून फोन — "सासूबाई इथे आहेत, या." मला वाटलं, मुलाला वाचवायला गेल्या.

चौकीतल्या बाईंनी तक्रार वाचून दाखवली. माझ्या माराची नव्हती. आईंनी स्वतः मुलाच्या हातचा खाल्लेल्या माराची. माझं लग्न होण्याआधीची, त्याने त्यांचं मनगट मोडलं तेव्हापासूनची.

बाहेर बाकावर त्या म्हणाल्या, "तू घरात आलीस आणि माझं थांबलं. मला बरं वाटलं होतं गं."

त्यांना गाडीत बसवलं आहे. मी अजून किल्ली फिरवलेली नाही.