रकाना सात कोरा राहू देण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अपूर्ण पदवी कक्ष, परीक्षा विभाग,
विज्ञान महाविद्यालय.

विषय : पदवी पूर्ण करण्यासाठीच्या फेरनोंदणी फॉर्ममधील रकाना क्रमांक सात कोरा ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाने लाल शाईचा शेरा मारून परत केलेला अर्जदाराचा फॉर्म.

महोदय,

१. ‘आत जा गं सुई, बाहेर ये गं सुई, पानाला पान भेटव, घाई नको बाई.’

हे शब्द अर्जदाराने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती कापणीच्या टेबलाखाली बसून कागदाच्या कातरलेल्या पट्ट्यांशी खेळत होती. आवाज तिच्या वडिलांचा. ते पुस्तकबांधणीचे काम करतात. त्यांना अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे तेवढे येतात. पानाच्या कोपऱ्यातला आकडा पाहून ते पाने लावतात आणि टाका घालताना हे गुणगुणतात. सरकारी कागदावर गाणे लिहू नये हे अर्जदारास ठाऊक आहे. परंतु पुढील सर्व हकीकत त्या पानाला पान भेटण्यावरच अडलेली असल्याने क्षमा असावी.

२. अर्जदाराचे वय सत्तेचाळीस. पती हयात नाहीत. घरी वडील, मुलगी व ती असे तिघे, आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. सव्वीस वर्षांपूर्वी आपल्याच महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना तिचा प्रकल्प अहवाल नाकारण्यात आला. बाकी सर्व विषयांत ती उत्तीर्ण आहे. आता आपण जुन्या विद्यार्थ्यांना एकदाच संधी देऊ केली आहे, की या महिनाअखेर नोंदणी करावी व अहवाल पुन्हा सादर करावा, अन्यथा नाव कायमचे वगळण्यात येईल. त्याप्रमाणे अर्जदाराने फॉर्म भरला. रकाना सात, ‘पदवी अपूर्ण राहण्याचे कारण’, तेवढा भरला नाही. फॉर्म परत आला : ‘रकाना ७ रिक्त. कारण नमूद करून फेरसादर करावा.’

३. अर्जदार फॉर्म घेऊन आपल्या खिडकीवर गेली. तेथील लिपिक सज्जन आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. ते म्हणाले, “अहो बाई, आजारपण लिहा आणि मोकळ्या व्हा. सगळे तेच लिहितात. आमच्या कपाटात बघा, पूर्वी सगळं गाव आजारी होतं.” रांगेतले लोक हसले, अर्जदारही हसली. पण तिला ते लिहिता आले नाही. कारण या महाविद्यालयाला अर्जदाराने यापूर्वी एकदा खोटे लिहून दिलेले आहे. त्याच संस्थेला दुसऱ्यांदा खोटे लिहून देणे बरे दिसत नाही. आणि खरे लिहावे, तर ते वाचून दाखवायला घरात एक माणूस सांगणार.

४. खोटे काय लिहून दिले होते, ते आपल्या जुन्या नोंदीत आहेच. ‘अहवालातील पाने तेहतीस ते अठ्ठेचाळीस मी दुसऱ्याकडून लिहून घेतली.’ खाली अर्जदाराची सही आहे. अर्जदाराच्या अहवालाचा विषय होता पुस्तकातली कसर, म्हणजे जुन्या कागदांत राहणारा तो चंदेरी, पळपुटा किडा. तिने वर्षभर दुकानातच काचेच्या बरण्यांत कसरी ठेवून निरीक्षणे लिहिली होती. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तेहतिसावे पान उघडले, तर तिथून पुढे सोळा पाने धान्यातल्या किड्यांवर, वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत. परीक्षक म्हणाले, “किडा बदलला, अक्षर बदललं, शाई बदलली. तेहतिसाव्या पानावर तुम्ही दुसऱ्याच कोणी झालात की काय?”

५. आता जे लिहायचे, ते सव्वीस वर्षांत अर्जदाराने कोणाला सांगितलेले नाही. आपल्यालाही ते केवळ विश्वासाने सांगत आहे. ते रकान्यात उतरवू नये ही विनंती.

त्या वर्षी महाविद्यालयाचे बांधणीचे काम अर्जदाराच्या वडिलांना पहिल्यांदाच मिळाले होते. साठ अहवाल एका दिवसात द्यायचे होते. आमच्या दुकानाची एक रीत आहे, बाहेरचे काम आधी, घरचे शेवटी. म्हणून पोरीचा अहवाल साठावा. एकोणसाठावा धान्यकिड्यांचा होता. दोन्ही शेजारी उघडे होते, सोळा-सोळा पानांच्या जुड्या केलेल्या, दोन्हींची तिसरी जुडी तेहतिसाने सुरू होणारी. सकाळपासून पाठ मोडून बसलेल्या माणसाने आकडा पाहिला आणि जुडी उचलली. तेहतिसाला तेहतीस बरोबर होते. त्यांच्या दृष्टीने काहीही चुकले नव्हते. अहवाल त्यांनीच हातगाडीवरून पोचवले, बांधलेला अहवाल अर्जदाराने पाहिला तो थेट परीक्षकांच्या हातात.

एक टाका पाहिला, बाबांचाच, आणि तिला सगळे कळले. “बांधणीत अदलाबदल झाली, दुसरा अहवाल उघडून पाहा,” एवढे म्हणणे पुरले असते. पण शेजारी विभागप्रमुख उभे होते. एक पान उलटे लागले म्हणून आधीच्या बांधणीवाल्याला कसे काढून टाकले, ते त्यांनी त्याच सकाळी सर्वांना ऐकवले होते. आणि बाबा फाटकाबाहेर हातगाडीशी उभे होते, पोरगी पास होऊन बाहेर येईल म्हणून. अर्जदार म्हणाली, “मी लिहून घेतली, सर.” आणि बाहेर येऊन हसून बाबांना म्हणाली, “नापास झाले. अभ्यासच केला नव्हता मी.” बाबांनी हातगाडीचा दांडा उचलला. मग म्हणाले, “असू दे. चल, धर एका बाजूने गाडी.”

जिचा अहवाल एकोणसाठावा होता ती विद्यार्थिनी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. तिच्या परीक्षकांनी तेहतिसावे पान उघडले नसावे. त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही.

६. पुढल्या वर्षी अहवाल पुन्हा देता आला असता. अर्जदाराने दिला नाही. पुन्हा दिला की कोणीतरी पुन्हा विचारणार, आणि कळता कळता ते दुकानापर्यंत येणार. तेव्हापासून ती दुकानात आहे. सोनेरी अक्षरे ठशाने उठवण्याचे काम तिचे. ‘पदवीसाठी सादर’ हे दोन शब्द तिने किती वेळा उठवले याची गणती नाही. आजही कोणाचाही अहवाल हाती आला की ती आधी तेहतिसावे पान उघडून पाहते. विद्यार्थ्यांना वाटते बाईंना वाचनाची आवड आहे.

७. मग आता, या वयात, ही पदवी कशासाठी, हा प्रश्न आपणही विचाराल. घरी तो विचारून झालेला आहे. अर्जदाराची मुलगी वीस वर्षांची आहे, दुसऱ्या वर्षाला. दोन महिन्यांपासून तिने कॉलेजला जाणे बंद केले असून एका कपड्याच्या दुकानात काम धरायचे म्हणते. तिला समजावायला गेले असता ती म्हणाली, “आई, तू जन्मभर लोकांच्या डिग्र्या शिवल्यास आणि स्वतः एक घेतली नाहीस. काय अडलं तुझं?” खरे तर अडले काहीच नाही. पोळी मिळाली, कपडा मिळाला, लोक बाई म्हणून मान देतात. नोकरी आता कोणी देणार नाही, आणि तिला ती नकोही आहे.

पण अदलाबदलीत गेलेल्या त्या सोळा पानांत अर्जदाराने लिहिले होते की कसर कागदासाठी येत नाही, पाने चिकटवायच्या खळीसाठी येते. कागद तिच्या वाटेत येतो म्हणून खाल्ला जातो. ते बरोबर होते की चूक, हे तिला कोणी सांगितलेच नाही. त्यानंतर सव्वीस वर्षे ती निरीक्षणे लिहीत आली आहे. पाच वह्या झाल्या. त्या आजवर दुकानाच्या फळीवर होत्या आणि त्यांना अद्याप कसर लागलेली नाही, एवढीच त्यांची तपासणी. कोणीतरी जाणत्याने त्या वाचाव्यात, चूक असेल तिथे रेघ मारावी, असे अर्जदारास फार वाटते. मुलीला हे उत्तर देता आले असते. पण तसे उत्तर दिले की मुलगी विचारणार, “मग तेव्हाच का नाही?” आणि आम्ही फिरून रकाना सातवर येणार.

८. सबब अर्जदाराची विनंती अशी की,
(अ) रकाना सात कोरा ठेवून फॉर्म स्वीकारावा;
(आ) तसे नियमात बसत नसल्यास, ‘कारण अर्जदारास माहीत आहे’ एवढे लिहू द्यावे;
(इ) तेही शक्य नसल्यास, फॉर्ममधून तो रकानाच काढून टाकण्याची परवानगी द्यावी. अर्जदार व्यवसायाने बांधणीवाली असल्याने तेवढी पट्टी कापून, सहा आणि आठ असे जोडून देईल की सांधा हाताला लागणार नाही. नमुना सोबत जोडला आहे. कृपया बोट फिरवून पाहावे;
(ई) यातले काहीच होण्यासारखे नसेल तर वडील आहेत तोवर अर्जदाराचे नाव वगळू नये. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. ही मुदत किती, हे अर्जदार सांगू शकत नाही, आणि ती लवकर संपावी असेही तिला वाटत नाही. ती मुदत संपल्यावर पदवी हातात घेऊन दाखवायची कोणाला, हाही एक प्रश्न आहे. त्याला आपल्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

कळावे. आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
अर्जदार

दिनांक : १२ जून

सोबत : १. परत आलेला फॉर्म. २. रकाना सात नसलेल्या फॉर्मचा नमुना, एक. ३. निरीक्षणांच्या वह्या, पाच (वाचून झाल्यावर परत मिळाव्यात).

पुरवणी
दिनांक : १३ जून

यापुढील अक्षर वेगळे आहे. ते अर्जदाराच्या मुलीचे आहे. अर्जदार शेजारीच बसली असून लिहायचे काम तिच्या वडिलांनी मला दिले आहे. अक्षर बदलले म्हणून कृपया दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचा ठपका ठेवू नये.

आज सकाळी आजोबा म्हणजे अर्जदाराचे वडील पुस्तके दाबायच्या शिकंज्यापाशी बसले होते. नजर अधू झाल्याने ते हल्ली फक्त कडा चाचपून पाहतात. अर्जदार अर्ज पाकिटात घालत असताना त्यांनी विचारले, “एवढा जाड कागद कसला गं?” अर्जदार म्हणाली, “कॉलेजचा. माझ्या नावाचं काहीतरी.” ते म्हणाले, “वाच.” तिने पहिले दोन परिच्छेद वाचले आणि मधले तीन गाळून थेट सहाव्यावर उडी मारली. आजोबा म्हणाले, “मधलं पान गाळलंस. बांधणीवाल्याला कळतं ते.” मग मला म्हणाले, “तू वाच.” मी वाचले. मलाही तोवर ठाऊक नव्हते.

वाचून झाल्यावर अर्जदाराने अर्ज फाडायला घेतला. आजोबांनी हात धरला. “उसवू नकोस. आहे तिथून पुढे शिव.” त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे खाली लिहीत आहे. मी कॉलेजला परत जाणार की नाही हे मला आज कोणी विचारलेले नाही.

“लिही. साहेब, मी हिचा बाप. ती जुडी माझ्या हातून बदलली, हे खरं आहे. पण ते काही फार मोठं नाही, दमलेल्या हातून व्हायचंच. पुढचं लिही, ते हिलाही ठाऊक नाही.

“सहा वर्षांनी तुमच्या ग्रंथालयातून जुने अहवाल परत शिवायला आले. त्यातला एक मी उसवला. तिसरी जुडी हाताला लागली नि हात थांबला. कागद माझा होता. पोरीसाठी मी उरलेल्या तावांतून कापलेला, नखभर अरुंद. मग चित्र दिसलं, कसरीचं. ती कसर मीच तिला बरणीत धरून दिली होती. मला वाचता येत नाही साहेब, पण तेवढं वाचता आलं. ही नापास का झाली ते कळलं. आणि नापास होऊन माझ्यासमोर हसली का, तेही कळलं.

“ही समोरच बसली होती, खळ ढवळत. आणि तू गं, लिहिणारे, तू तिथंच टोपलीत झोपली होतीस. नुसतं म्हणायचं होतं, ‘पोरी, हे बघ काय सापडलं.’ नाही म्हणालो. ती जुडी मी परत त्याच पुस्तकात शिवली. दुसऱ्याच्या. पहिल्यांदा चुकलो होतो. दुसऱ्यांदा नाही चुकलो.

“ते पुस्तक तुमच्याकडेच असेल, एकोणसाठावं. मला तिथं नेऊन बसवा. टाके मी उसवतो, हाताला अजून कळतं. तिची पानं तिला द्या.

“काम जाईल ही भीती होती, खोटं कशाला सांगू. पण एवढ्यासाठी मी गप्प बसलो नाही. हिची आई गेल्यापासून दुकानात दुसरा आवाज नव्हता. ही यायला लागली आणि मी परत गुणगुणायला लागलो. डिग्री हातात आली असती तर ही गेली असती. जायलाच हवं होतं तिनं.

“तो रकाना कोरा ठेवू नका. आजारपणही लिहू नका. लिहा, बापाला सोबत हवी होती.”