रांगोळीतली खुर्ची

शनिवार, संध्याकाळ. काष्टी.

आज ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माझा सत्कार झाला. शाल अजून खुर्चीच्या पाठीवरच आहे. घडी करावीशी वाटत नाही.

दिल्लीच्या परिषदेत देशभरातल्या दिव्यांगांच्या वतीने मी बोलले, त्याबद्दल. तिथे मंचावर जायला उतार होता. दोन्ही हातांनी चाकं ढकलत मी एकटी वर गेले. पाठीमागे कुणाचा हात नव्हता. ते आठवलं की तळहात अजून शिवशिवतात.

आता आमच्या ओट्यालाही उतार झालाय. किती अर्ज केले त्यासाठी. आज पहिल्यांदा त्यावरून वर जायचं होतं. सकाळपासून मनात दुसरं काही नव्हतं.

जाऊन बघते तर उतारभर रांगोळी. शेजारच्या कमलवहिनी सकाळपासून वाकून काढत होत्या.

"ताई, चाकानं मोडंल ती," सरपंच म्हणाले. "आमी हाय की. उचलून नेतो."

पुन्हा काढता येईल की, असं म्हणायचं होतं मला. दिल्लीत मंत्र्यांसमोर आवाज चढवला, आणि इथे वहिनींची रंगाने माखलेली बोटं बघून गप्प बसले. का बसले?

चौघांनी खुर्चीसकट उचललं आणि पायऱ्यांवरून वर नेलं. टाळ्या वाजल्या.

वरून रांगोळी नीट दिसली. वहिनींनी मलाच काढलं होतं. चाकाच्या खुर्चीत, उतार चढताना. पाठीमागे कुणाचा हात नव्हता.