दोन दांड्यांचं विमान

२ मार्च

विमानशाळेत आलो एकदाचा! कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून, आईच्या शिव्या आणि तिनंच बांधून दिलेली गादी घेऊन. खोली धावपट्टीच्या कुंपणाला लागून आहे. खिडकी उघडली की इंधनाचा वास येतो, आणि मला तो आवडतो.

विमान म्हणजे दोन माणसांपुरता पत्र्याचा डबा. पण ते चालवायचे दांडे दोन, आतून एकमेकांना जोडलेले. माझा हलला की शिकवणाऱ्याचाही हलतो. म्हणून इथला पहिला नियम असा की दांडा एका वेळी एकाच्याच हातात. घेणाऱ्यानं मोठ्यानं ‘माझ्याकडे’ म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच क्षणी हात उचलून ‘दिलं’ म्हणायचं. वाद घालायचा तो खाली उतरल्यावर.

मला शिकवणारे मास्तर म्हणतात, जो लिहीत नाही तो तीच चूक पुन्हा करतो. मांडीला पट्ट्यानं बांधायची एक वही त्यांनी दिली. तीच ही.

मास्तरांची मुलगीही इथं शिकवते. गेल्या वर्षी कॉलेजात विमानांवर बोलायला आली होती. पहिल्या रांगेत बसून मी एक अक्षर ऐकलं नाही, नुसता बघत राहिलो. कॉलेज का सोडलं हे आई अजून विचारतेय.

११ मार्च

मास्तरांनी माझं नाव तवा ठेवलंय. लगेच तापतो म्हणून. मिस्त्री, म्हणजे इंजिनं बघणारे काका, पान्यानं पंखा ठोकत म्हणाले की तव्यावर भाकरी भाजते, विमान उतरत नाही. सगळे खो खो हसले. तीही. ती हसली म्हणून माफ केलं, नाहीतर काकांचं काही खरं नव्हतं.

आज तिनं पट्टा आवळून दिला. दिवसभर तो ढिला केला नाही.

१९ मार्च

मास्तरांना कळलंय. हवेत असतानाच म्हणाले, पोरीचा नाद सोड; कॉलेज अर्धवट, उद्या हेही अर्धवट सोडशील. कानशिलं तापली. दांडा इतका आवळला की बोटं पांढरी पडली.

२२ मार्च

दवाखान्यात आहे. हनुवटीला नऊ टाके. एकदाच लिहितो, पुन्हा नाही.

काल उतरताना मास्तरांनी तोच विषय काढला. तिला दुसऱ्या शहरातल्या विमानशाळेत शिकवायला पाठवतोय म्हणाले. चाकं जोरात आपटली, विमान चेंडूसारखं उसळलं. ते ओरडले, माझ्याकडे! मी सोडलं नाही. ते मागे ओढत होते आणि मी रागानं पुढे रेटत होतो. पुन्हा ओरडले. माझ्या मुठीवर बुक्क्या मारल्या. मी अजून जोर लावला. दुसऱ्यांदा आपटलो. तिसऱ्यांदा पुढचं चाक मोडलं, पंख्यानं धावपट्टी खणली आणि मास्तरांचं कपाळ समोरच्या वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांत घुसलं. काचा, रक्त. मास्तर जागीच गेले. त्यांचे दोन्ही हात तेव्हाही दांड्यावरच होते.

२५ मार्च

चौकशीची माणसं आली होती. सांगितलं की मी हात कधीच उचलले होते, शेवटी विमान मास्तरांच्याच हातात होतं. लिहून घेऊन गेली. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून रडली.

तिनं जवळ यावं म्हणून मी काय काय स्वप्नं रंगवली होती. ती अशी आली.

२८ मार्च

हातातला कप निसटला नाही. ओढला गेला. समोरच्या भिंतीवर फुटला.

दाढी करताना वस्तरा हिसकावला गेला, गाल कानापर्यंत उघडला. सायकलचं हँडल आपोआप वळलं आणि मी ट्रकसमोर गेलो. घट्ट धरलेलं काहीही हातात राहत नाही. हलकं धरलेलं, ही पेन्सिलसुद्धा, राहतं. आवळलं की उजवीकडून कुणीतरी ओढतं. नेहमी उजवीकडून. मास्तर उजवीकडे बसायचे.

३१ मार्च

आज तिचा हात धरला. मनापासून, घट्ट. माझं मधलं बोट कट्‌कन मोडलं, उलटं वळून मनगटाला लागलं. मी किंचाळलो. तिला वाटलं मीच हात झटकला.

२ एप्रिल

ती म्हणते, भीती लगेच काढली नाही तर घर करते. उद्या माझ्याबरोबर चल, मी शिकवेन. मग खाली बघून म्हणाली की बाबांची चूक होती हे तिनं मान्य केलंय, सगळ्यांसमोर तसं सांगणारही आहे. त्यांचा फोटो ऑफिसातून काढायला लावलाय.

उद्या मी दांडा धरला तर मास्तर ओढणार. तीही मरेल. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागेल. खरं कारण दिलं की ती माझ्या तोंडावर थुंकेल आणि कायमची जाईल.

सकाळी सांगतो. नक्की.

३ एप्रिल

विमानात. वही मांडीवर. ती उजवीकडे, वडिलांच्या जागी. इंजिन तापवतेय. सांगितलं नाही. ती हसली आणि तोंडच उघडेना—

वर आलो. म्हणाली, नुसता बस, वेग टिपत जा. नव्वद. नव्वद.

खालून माणसं हात हलवतायत. आता तरी बोल, भ्याडा—

उतरायला वळलो. म्हणाली, घे तू. मान हलवली. नाही म्हटलं. ऐकलंच नाही, दांडा सोडून खिडकीबाहेर धावपट्टी बघतेय. सत्तर.

विमान सरळ चाललंय. म्हणतेय, बघ, किती सुंदर धरलंयस.

माझे दोन्ही हात वहीवर आहेत.

दांडा पुढे चाललाय. आपोआप. नाक खाली— ऐंशी— ती अजून बाहेरच— ओरडून सांगतो तिला, धरू नकोस, तुझे बाबा आहेत, त्यांना मी हवाय— त्या दिवशी दांडा मीच पुढे